चोखोबांची हाडे

जपानच्या शिगा प्रांतातल्या शोजू-रायगोजी मंदिराकडे तेराव्या शतकातले १५ लटकते, रंगवलेले पट आहेत. त्यांतल्या एकावर एका खानदानी स्त्रीचे प्रेत टप्प्याटप्प्याने सडत जाते. अंग फुगते, कातडी फाटते, कुत्री-पाखरे लचके तोडतात, शेवटी हाडे विखुरतात. चित्रकाराने काहीही झाकलेले नाही. या चित्रप्रकाराला कुसोझु म्हणतात. प्रेताच्या अवस्थांवरचे हे चिंतन मूळचे आपल्याकडचे. बौद्धांच्या पाली सतिपट्ठान सुत्तात ते आहे.

पंढरपुरात महाद्वारी, नामदेव पायरीसमोर, महार जातीतल्या संत चोखोबांच्या (चोखामेळ्यांच्या) समाधीपाशी मला तो पट आठवतो. मंगळवेढ्याला गावकुसाचे बांधकाम कोसळून चोखोबा इतर मजुरांसह गाडले गेले. साल १३३८ मानतात. परंपरा सांगते, संत नामदेव तिथे पोचले तेव्हा हाडेच उरली होती. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची, म्हणून त्यांनी ती पंढरीला आणली.

पट सांगतो, सरदाराघरची बाईही अशीच कुजते. आपल्याकडे विटाळ मात्र जन्म बघून वाटला गेला. जिवंत चोखोबांना विठ्ठलाच्या ज्या देवळात मज्जाव होता, त्याच्याच दारात त्यांच्या हाडांना जागा मिळाली. हा मान मी खोटा म्हणणार नाही, पण तो फार उशिरा आला. हरिजनांना ते देऊळ उघडायला तर १९४७ उजाडले, त्यासाठी साने गुरुजींना उपोषणाला बसावे लागले.

चोखोबांच्या पत्नी सोयराबाईंनी मृत्यूची वाट पाहिली नाही. देह म्हटला की विटाळ आलाच, मग सोवळा कोण, असे त्यांनी थेट विचारले. कुसोझुत प्रेत बहुधा बाईचे, आणि ते पाहून वैराग्य मिळवायचे पुरुष भिक्षूंनी. सोयराबाई स्वतः बोलतात, आपल्या देहासकट सगळ्यांच्या देहाबद्दल बोलतात. त्यांचा विचार मला त्या पटाच्या पुढचा वाटतो.

तरीही एका बाबतीत मी त्या चित्रकाराच्या बाजूने आहे. नामदेवांनी काही हाडे उचलली, म्हणजे बाकीची तिथेच राहिली. नाम उमटले तरच ओळख, ही कसोटी भक्ताला लावता येईल. भिंत बांधता बांधता मेलेल्या मजुराला ती का लावावी? पटावरच्या हाडांनी काही म्हटले नव्हते, तरी चित्रकाराने ती मन लावून रेखाटली. मंगळवेढ्याच्या बाकीच्या मजुरांकडे आपल्या कथेने तेवढेही पाहिलेले नाही.