न मागणाऱ्याचे देणे

नीतिविचारात आपण बहुधा मागणाऱ्याचा विचार करतो. भुकेला अन्न मागतो, अन्याय झालेला दाद मागतो, आणि देणाऱ्याचे कर्तव्य काय, हा प्रश्न तेथून सुरू होतो. परंतु जो काहीच मागत नाही, त्याचे आपण काही देणे लागतो काय? दिवाणखान्याच्या कोपऱ्यातील मनीप्लँटच्या कुंडीपाशी हा प्रश्न मोठमोठ्या उदाहरणांपेक्षा अधिक नेटका मांडता येतो.

तुळशीची गोष्ट निराळी. तिला वृंदावन आहे, सकाळचे पाणी आहे, सांजवात आहे, कार्तिकात विवाहही आहे. शिवाय उन्हाळ्यात दोन दिवस पाणी चुकले तर ती मान टाकते आणि साऱ्या घराला जाब विचारते. मनीप्लँटला ना वार, ना व्रत. ही वेल मूळची प्रशांत महासागरातील सोसायटी बेटांकडची. ती सहसा फुलत नाही, त्यामुळे घरोघरी दिसणाऱ्या वेली एकमेकींकडून आणलेल्या फांद्यांच्याच आहेत. कमी उजेडात, बाटलीतल्या पाण्यावरसुद्धा ती जगते. इतक्या सोशिक वेलीची काळजी ती काय घ्यायची, असे आपण सहज म्हणतो.

वनस्पतीला सुखदुःख असते काय, हा वाद जुना आहे. महाभारताच्या शांतिपर्वात भरद्वाज शंका घेतात की, वृक्षांना ऐकू येत नाही, दिसत नाही, मग त्यांना सचेतन कसे म्हणावे? त्यावर भृगू जी प्रमाणे देतात, त्यांत वेलीचेही एक आहे. वेल झाडाला वेढीत सर्वत्र जाते. न पाहणाऱ्याला वाट कशी सापडेल? आधुनिक काळात पीटर सिंगर यांनी १९७५च्या आपल्या ग्रंथात नैतिक विचाराची मर्यादा वेदना जाणवण्यापाशी आखली; वनस्पती तिच्या बाहेर राहिल्या. १९८६ मध्ये पॉल टेलर यांनी प्रत्येक जिवाला स्वतःचे असे हित असते, म्हणून तो आदरास पात्र आहे, असे प्रतिपादन केले.

उपयोगाचा आधार मात्र फारसा टिकत नाही. १९८९ मधील नासाच्या प्रयोगांनंतर अशी रोपे खोलीतील हवा शुद्ध करतात, असे सर्वत्र सांगितले जाऊ लागले. ते प्रयोग लहान, बंद पेटीत झालेले होते. २०१९ मध्ये अशा प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा घरातील साध्या वायुवीजनापुढे रोपांचा परिणाम नगण्य ठरला. घरात पैसा येतो, या समजुतीबद्दल तर बोलावयासच नको.

माझ्या मते कर्तव्याचे मूळ वेदनेतही नाही आणि उपयोगातही नाही. ते आपल्याच कृतीत आहे. रानात ही वेल पावसावर जगते, खोडाला धरून उजेडाकडे चढते. तिला आपण कुंडीत आणले, तेव्हा तिचा पाऊस आणि तिची वाट दोन्ही काढून घेतली. ज्याचे स्वतःचे साधन आपण काढून घेतले, त्याचे आपण विश्वस्त झालो. खुर्चीही आपणच घरात आणतो हे खरे; परंतु खुर्चीचे स्वतःचे असे भले वा बुरे काही नसते. वेलीचे असते.

विश्वस्ताचे काम भरभरून देण्याचे नव्हे, हेही ही वेलच शिकविते. घरातील अशी रोपे उपेक्षेइतकीच, कदाचित अधिक, अतिपाण्याने मरतात. माती सतत ओली राहिली की मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. कुजलेली मुळे पाणी घेऊ शकत नाहीत, म्हणून पाने मलूल होतात. आणि आपण मायेने आणखी पाणी घालतो. त्यापेक्षा बोट मातीत घालून पाहावे. वरचा पेरभर थर कोरडा असेल तरच पाणी द्यावे. कुंडीला खाली भोक असावे, थेट ऊन नसले तरी उजेड असावा, पानांवरची धूळ ओल्या फडक्याने पुसावी. यात श्रम फारसे नाहीत, पण पाहणे आहे. वेल तक्रार करीत नाही, तरी खूण देते. उजेड कमी पडला की पानांवरील सोनेरी छटा हळूहळू हिरव्यात विरून जाते. पाने हिरवीगार दिसतात, म्हणून आपण समाधान मानतो.

सोसणे म्हणजे सुखी असणे नव्हे, हा यातला खरा धडा आहे. कचेरीत ज्या अर्जामागे स्मरणपत्र येत नाही, तो गठ्ठ्याच्या तळाशी जातो. घरातही ‘त्यांचे काही मागणे नसते’ असे ज्या वृद्ध आत्याबद्दल कौतुकाने म्हटले जाते, तिला काय हवे, हे वर्षानुवर्षे कोणी विचारलेले नसते. मागणाऱ्याला नकार देताना निदान त्याच्याकडे पाहावे तरी लागते.

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांतील मराठीचे असेच आहे. स्वयंपाकघरातील चार वाक्यांवर आणि सणावारांच्या आरत्यांवर ती जगते. रुसत नाही, मरतही नाही. पण हीच वेल मोकळ्यावर मोठ्या झाडावर चढली तर तिची पाने हातभर होतात, आणि कुंडीत तळहाताएवढीच राहतात. ती जगते आहे एवढ्यावर विश्वस्ताने आपला हिशेब पुरा झाला असे मानू नये. तिला चढावयास काही दिले आहे काय, हेही त्याने स्वतःला विचारावे.