ध्रुवपद कोण उचलतो?

कासारसाईच्या शिवारातल्या सहकारी साखर कारखान्याला संत तुकारामांचे नाव आहे. देहू इथून फार लांब नाही. या पट्ट्यात भजनी मंडळे अजून टिकून आहेत, आणि शेजारच्या हिंजवडीत देशभरातून नोकरीला आलेली माणसे आपापल्या देवाची गाणी फोनवर ऐकत कामाला जातात. देवाचे गाणे ऐकणे इतके सोपे कधीच नव्हते. ते गातो कोण, हा प्रश्न मात्र मला फार महत्त्वाचा वाटतो.

वारकरी कीर्तनात कीर्तनकार अभंग सुरू करतो, पण तो पेलतात मागे उभे असलेले टाळकरी. ध्रुवपद त्यांनी उचलले की ज्याला सुराचे अंग नाही तोही गाऊ लागतो. चाल ओळखीची असते, शब्द तोंडात बसलेले असतात. भक्तिगीताची खरी परीक्षा मला इथेच दिसते. लिहिणारा कोण, तो कोणत्या धर्माचा, गाणे देवळात जन्मले की स्टुडिओत, हे प्रश्न त्यानंतरचे.

‘प्रभात’च्या १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’ चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी ‘आधी बीज एकले’ लिहिले. चाल केशवराव भोळ्यांची, पडद्यावर विष्णुपंत पागनीस. पुढे कित्येकांनी तो तुकोबांचाच अभंग मानला. यात कुणाची फसवणूक झाली असे मला वाटत नाही. गीतकाराला याहून मोठा मान मिळणे नाही. याउलट गदिमा-बाबूजींचे ‘गीतरामायण’. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून आलेली ती ५६ गीते लोकांनी श्रद्धेने ऐकली, आजही ऐकतात. पण त्यांना तयारीचा गळा लागतो. ती ऐकताना हात जोडले जातात, टाळ हाती येत नाही.

गाणे सगळ्यांच्या गळ्यात कसे बसावे, हा प्रश्न मराठी ख्रिस्ती समाजाला फार आधी भिडला. मिशनऱ्यांनी आणलेल्या उपासनागीतांची मराठी भाषांतरे इंग्रजी चालींवर बसवली गेली. त्या चालींना आघात हवा असतो, आमच्या छंदांना अक्षरांचा आणि मात्रांचा हिशेब. मग दीर्घ अक्षर आखडते, ऱ्हस्व ताणले जाते, आणि गाणारा आपल्याच भाषेत परका होतो. गाणे इथल्याच छंदात हवे, हे थॉमस स्टीफन्स या जेझुइटाने १६१६ मध्येच जाणले होते. गोव्यातल्या नवख्रिस्ती माणसांसाठी त्याने ‘ख्रिस्तपुराण’ ओवीत रचले. अहमदनगरचे कृष्णराव सांगळे ख्रिस्ती कीर्तन करीत. आणि १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक तर सांगत की, आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो.

ओवी-कीर्तन हा धर्मप्रसारासाठी घेतलेला वेष होता, असा आक्षेप घेतला जातो. तो गंभीर आहे, पण मला पटत नाही. वेष प्रसंगापुरता असतो. टिळकांची गीते मराठी चर्चमध्ये शतकाहून अधिक काळ गायली जात आहेत. शिवाय नगर जिल्ह्यात ख्रिस्ती झालेले बहुसंख्य लोक गावकुसाबाहेरचे होते. अभंग त्यांना उसना घ्यावा लागला नाही. चोखोबांनी तो त्यांच्या घरातच ठेवला होता.

आज काही चर्चमध्ये मंचावर कीबोर्ड, गिटार, ड्रम असतात, पडद्यावर शब्द दिसतात. नव्या गीतांतली लहान, पुन्हा पुन्हा येणारी ओळ खरे तर ध्रुवपदाचेच काम करते आणि तरुण ती मनापासून म्हणतात. तिला मी नावे ठेवणार नाही. बिघडते ते पट्टी मुख्य गायकाच्या सोयीने वर नेली जाते तेव्हा, आणि शेजारच्या माणसाचा आवाज ऐकू येणार नाही इतका ध्वनिक्षेपक चढवला जातो तेव्हा. देवीच्या जागरणात आणि गणपतीच्या मांडवातही हेच चालले आहे. सभामंडपातल्या माणसांना आपण श्रोते करून टाकतो आहोत, आणि हे नुकसान दोन्ही धर्मांचे सारखेच आहे.

टिळक १९१९ मध्ये वारले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे होते. ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. त्या शाळेत कधी गेल्या नव्हत्या. अक्षरओळख लग्नानंतर घरातच झालेली. पण ओवी लहानपणापासून कानात होती, म्हणून नवऱ्याने जिथे सोडले तिथून त्यांना उचलता आले.