वाऱ्याचे अनुमान

वायू डोळ्यांना दिसत नाही, मग तो आहे हे कशावरून मानावयाचे, या प्रश्नाची वैशेषिक दर्शनात बारकाईने चर्चा झालेली आहे. प्रशस्तपादांनी वायूची चार लिंगे, म्हणजे अनुमानाला आधार देणारी चिन्हे, सांगितली: स्पर्श, शब्द, धृती म्हणजे हलक्या वस्तू अधांतरी तोलून धरणे, आणि कंप. पुढे काही नव्य नैयायिकांनी त्वचेला वायूचे प्रत्यक्षच होते असा पक्ष मांडला. उंच इमारतीवर वारा किती भार टाकील हे ठरविणाऱ्या आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या जुन्या व नव्या आवृत्त्या शेजारी ठेवल्या, तर हाच प्रश्न पुन्हा समोर येतो आणि त्याला एक नैतिक बाजूही जोडली जाते: जे दिसत नाही आणि अजून घडलेलेही नाही, त्याविषयी कितपत खात्री झाल्यावर दुसऱ्याच्या डोक्यावर छप्पर उभारणे योग्य?

हे मानक १९५७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९६४ मध्ये सुधारले गेले. १९६४ च्या आवृत्तीत वारा केवळ दाबाच्या रूपात होता. देशाचे दोन नकाशे होते, एक अल्पकाळचे सोसाटे धरून आणि दुसरा ते वगळून, आणि त्यांवरून चौरस मीटरला अमुक किलोग्रॅम असा आकडा अभियंत्याने उचलावयाचा असे. तो आकडा किती वर्षांतून एकदा ओलांडला जाईल हे नकाशावरून उलगडत नसल्यामुळे तो शब्दप्रमाणासारखा, म्हणजे विश्वसनीय व्यक्तीने सांगितले म्हणून, स्वीकारला जाई.

१९८७ च्या आवृत्तीने दाबाच्या जागी वेग आणला. ४३ केंद्रांवरील वायुवेगलेखी यंत्रांच्या नोंदींचा आधार घेऊन एकच नकाशा तयार झाला, आणि त्यातील वेग जमिनीपासून १० मीटर उंचीवरचा, सुमारे ३ सेकंद टिकणाऱ्या झोताचा व ५० वर्षांच्या पुनरावृत्तिकालाचा, म्हणजे सरासरीने ५० वर्षांतून एकदा गाठला जाणारा, असे स्पष्ट लिहिले गेले. पुणे, नाशिक व औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) यांना सेकंदाला ३९ मीटर, तर मुंबई व नागपूर यांना ४४ मीटर वेग दिला आहे. शहरांच्या परिशिष्टात मराठवाड्यातील परभणीचे नाव नसल्याने तेथील अभियंत्याला नकाशावरच विसंबावे लागते. दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ३९ मीटरला चौरस मीटरमागे सुमारे ९१३ न्यूटन आणि ४४ मीटरला सुमारे ११६२ न्यूटन मूळ दाब येतो, म्हणून नकाशावरील रेषेच्या अलीकडे की पलीकडे हा प्रश्न क्षुल्लक नाही. याच आवृत्तीने उंची लहान बाजूच्या पाचपटीहून अधिक असेल, किंवा इमारत नैसर्गिकरीत्या सेकंदाला एकाहून कमी वेळा डोलत असेल, तर झोतांमुळे होणारे डोलणेही तपासावे असे सांगितले. प्रशस्तपादांचे चौथे लिंग येथे गणिताचा विषय झाले.

या बदलाचा खरा अर्थ मात्र संभाव्यतेत आहे. ५० वर्षांच्या पुनरावृत्तिकालाचा वेग ५० वर्षांच्या आयुष्यात एकदा तरी ओलांडला जाण्याची शक्यता सुमारे ६३ टक्के असते. ओलांडला म्हणजे इमारत कोसळली असे नव्हे, कारण भारावर सुरक्षिततेचे गुणक वेगळे लावलेले असतात. तरीही आपले प्रमाण बहुधा मोडले जाईल हे मानक स्वतःच मान्य करते, आणि हा प्रामाणिकपणा फार मोलाचा आहे. गतकाळच्या नोंदींवरून भविष्याचा सार्वत्रिक नियम सिद्ध होत नाही हा चार्वाकांचा आक्षेप होता, आणि त्यावर नैयायिक उदयनाचार्यांचे उत्तर असे की शंका जेथे माणसाच्या स्वतःच्या आचरणाशी विसंगत ठरते, तेथे तिची मर्यादा येते. नवे मानक चार्वाकांची शंका नाकारत नाही, तिचे माप घेते. आणि घर तर बांधावेच लागते, म्हणून ते उदयनांच्या वाटेनेही जाते.

२०१५ ची आवृत्ती म्हणजे केवळ अधिक भार नव्हे. पूर्व किनाऱ्यावर व गुजरातच्या किनाऱ्यावर, चक्रीवादळानंतरही चालू राहावयास हव्या अशा रुग्णालयांसारख्या इमारतींसाठी तिने वेगाला १.३० पर्यंतचा गुणक लावला. उलट सर्वांत जोराचा वारा इमारतीच्या सर्वांत नाजूक दिशेनेच येईल असे नाही, हे ध्यानात घेऊन किनाऱ्यापासून दूरच्या सामान्य इमारतींचा दाब ०.९ ने गुणण्याची मुभा दिली. भयाने आकडा फुगविणे आणि जाणतेपणाने तो ठरविणे यांत हा फरक आहे.

परभणी हा उंच इमारतींचा जिल्हा नाही. गोदावरीकाठच्या गंगाखेडपासून जिंतूरपर्यंत वळवाच्या वादळात उडतात ते घरांचे आणि गोठ्यांचे पत्रे, आणि तेथेच मानकातील एक वर्ग गंभीर प्रश्न उभा करतो. ५ वर्षांचे आयुष्य धरलेल्या तात्पुरत्या बांधकामाला ३९ मीटरच्या पट्ट्यात जवळपास तीन चतुर्थांश वेग पुरेसा मानला आहे, म्हणजे दाब ६० टक्क्यांहून थोडा कमी. बांधकामाच्या साच्यांसाठी व शेडसाठी हे रास्त आहे; पण ज्या पत्र्याखाली एखादे कुटुंब वीस वर्षे राहते, त्याला तात्पुरते म्हणणे मानकाच्याच हेतूशी विसंगत आहे, कारण तेथे आयुष्य बांधकामाच्या किमतीवरून नव्हे, वापरावरून मोजावयाचे आहे. छपराच्या कडांवर व कोपऱ्यांवर वाऱ्याची वर खेचणारी ओढ मधल्या भागापेक्षा बरीच जास्त असते, आणि तिच्यासाठीचे स्थानिक गुणक १९८७ च्या आवृत्तीत दिलेले आहेत. त्यांनुसार कडेच्या पत्र्यांना जखडणारे जे-हूक कमी अंतरावर घालावे लागतात आणि वासे भिंतीला पक्के बांधावे लागतात.