‘काईच नाई तिथं’

वाशिम जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात जा, गावाबाहेरच्या माळाकडे बोट दाखवा आणि तिकडे काय आहे म्हणून विचारा. बहुतेक वेळा उत्तर येईल, “काईच नाई तिथं.” आमच्या वऱ्हाडात हे उत्तर इतक्या सहज येतं की त्यात एक दावा दडलाय हे लक्षातच येत नाही. ‘तिथं काही नाही’ हे एकदा ठरलं की ‘तिथं काहीही करता येईल’ हेही ठरून जातं.

म्हणून माझा प्रश्न साधा आहे. जमीन रिकामी आहे हे कोण ठरवतं?

आधी तिथे काय असतं ते पाहू. कारंजा किंवा मंगरूळपीर तालुक्यातला एखादा माळ घ्या. पावसाळ्यात मारवेल आणि कुसळी वाढते. टिटवी उघड्या खड्यांमध्येच अंडी घालते. खोकड असतं, कुठे लांडगा असतो, काळविटांचे कळप असतात. आणि दोन शेळ्या घेऊन आलेली एखादी बाई असते, जिच्या नावावर एक गुंठाही नाही. तिच्यासाठी हा माळ म्हणजेच शेत. यातलं काहीच सातबाऱ्यावर दिसत नाही. सातबाऱ्यात पीक लिहितात, आणि गवत हे पीक नाही.

रिकामेपणाचा इतिहास

जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने १६८९ साली मालमत्तेबद्दल एक विचार मांडला. माणूस जमिनीत श्रम घालतो म्हणून ती त्याची होते. जिच्यात नांगर गेला नाही ती वाया गेलेली जमीन. ऐकायला हे न्याय्य वाटतं, कसेल त्याची जमीन असं आपणही म्हणतो. पण लॉकच्या डोळ्यांसमोर अमेरिका होती. तिथे शिकार करणारे, फिरस्ते लोक आधीपासून राहत होते. त्यांचं जगणं ‘श्रम’ या व्याख्येत पुरतं बसलं नाही, म्हणून त्यांची जमीन पडीक ठरली.

आपल्याकडच्या महसूल खात्याची नजरही अशीच घडली. जी जमीन शेतसारा देते ती जमीन. बाकीची पोटखराब, पडीक. वऱ्हाडात गावच्या चराऊ जमिनीला आजही ‘ई-क्लास’ म्हणतात. स्वातंत्र्यानंतर खुर्चीवरचा माणूस बदलला, रकाना तोच राहिला. २००० साली देशाच्या पडीक जमिनींचा पहिला नकाशासंग्रह निघाला, आणि त्या वर्गवारीत कितीतरी गवताळ माळ ‘पडीक’ म्हणूनच जाऊन बसले.

माझा व्यवसाय सॉफ्टवेअरचा आहे, त्यामुळे मला यात एक ओळखीची गोष्ट दिसते. फॉर्ममध्ये एखाद्या प्रश्नाला चारच पर्याय दिले आणि पाचवा ‘इतर’ ठेवला, की जगातलं सगळं वैविध्य त्या ‘इतर’मध्ये जाऊन पडतं. काही वर्षांनी कुणीतरी अहवाल काढतो आणि म्हणतो, बघा, ‘इतर’ खूप आहे, याचं काहीतरी करायला हवं. ‘इतर’ हा फॉर्म बनवणाऱ्याचा शब्द होता हे तोवर सगळे विसरलेले असतात.

एम. डी. मधुसूदन आणि अबी वनक या अभ्यासकांनी उपग्रहचित्रांच्या मदतीने देशातल्या अर्धशुष्क, खुल्या नैसर्गिक जमिनींचा नकाशा केला. त्यांच्या हिशेबाने देशाची सुमारे १० टक्के जमीन अशी आहे, आणि तिच्यातली ५ टक्क्यांहून कमी संरक्षित क्षेत्रांत येते. महाराष्ट्राने २०१९ च्या पावसाळ्यात ३३ कोटी झाडं लावण्याचं लक्ष्य ठेवलं होतं. झाड लावणं चांगलंच. पण अशा मोहिमेत मोकळी जागा शोधताना नजर आधी माळावर जाते. काळविटाला लांबवर दिसावं लागतं आणि मोकळं पळता यावं लागतं. त्याच्या माळावर दाट रोपवन उभं करणं म्हणजे त्याचं घर दुसऱ्याला देणं. इथे निसर्गावर घाव निसर्गप्रेमाच्याच हातून बसतो.

रेघेच्या आत, रेघेच्या बाहेर

आपल्या जिल्ह्यात याला एक अपवाद आहे. कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य, २००० साली घोषित झालेलं, जेमतेम १८ चौरस किलोमीटरचं. गवताळ माळासाठी, काळविटासाठी राखलेली जागा. ही चांगलीच गोष्ट झाली.

पण काळविटाला रेघ कळत नाही. सोयाबीन उगवून आलं की कळप शेतात येतो, सोबत रोही आणि रानडुकरंही येतात. मग शेतकरी रात्र रात्र जागल करतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत काळवीट आहे, म्हणजे त्याला सर्वोच्च संरक्षण आहे. ते असायलाच हवं. फक्त त्या संरक्षणाचा खर्च कोण भरतं हे पाहा. काळवीट देशाचं, पण त्याने खाल्लेलं सोयाबीन एकट्याचं. भरपाईची तरतूद आहे. पण अर्ज, पंचनामा, वाट पाहणं यात गेलेल्या दिवसांचा आणि रात्रभराच्या जागलीचा भाव कुठेच लावलेला नाही. पुण्यात बसून काळविटाचा फोटो लाइक करणाऱ्याला ते फुकट मिळतं. ज्या मूल्याचा आनंद सगळे घेतात, त्याचं ओझं काहींनीच वाहावं, याला न्याय म्हणता येणार नाही.

याच भागातून ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जातो, दोन्ही बाजूंनी बंदिस्त, ताशी १२० च्या वेगासाठी. काटेपूर्णा आणि कारंजा-सोहोळ या दोन्ही अभयारण्यांच्या परिसराला तो लागतो. भारतीय वन्यजीव संस्थेच्या सल्ल्याने त्यावर प्राण्यांसाठी भुयारी आणि उन्नत मार्ग बांधले गेले. यापूर्वीच्या रस्त्यांवर हेही क्वचितच व्हायचं, म्हणून त्याचं मोल आहे. पण हे उपाय आखलेल्या रेघेवरचे आहेत. ‘रस्ता कुठून न्यावा’ या प्रश्नात माळाला किती मत होतं? आमच्या भाषेत सांगायचं तर निसर्ग ही सुरुवातीची अट असायला हवी. आपण त्याला शेवटी दुरुस्त करायचा बग समजतो.

दोन्ही बाजू चांगल्या असतात तेव्हा

इथवर सोपं होतं. आता खरा पेच.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्रांजवळच्या सरकारी जमिनींवर सौर प्रकल्प उभे राहतात, आणि त्यांत गायरानंही येतात. हेतू शेतकऱ्याला दिवसा वीज देण्याचा. कडाक्याच्या थंडीत रात्री दोनला ओलीत करायला जाणं, पायाखाली साप असण्याची भीती, हे ज्याने जवळून पाहिलंय तो या योजनेला नावं ठेवणार नाही. मीही ठेवत नाही. त्यात गायरानावर हक्क सांगणारे आणखीही आहेत. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे मोठे सत्याग्रह झाले ते अशाच जमिनींसाठी.

म्हणजे एका बाजूला दिवसाची वीज, दुसऱ्या बाजूला शेळीवाली बाई, तिसरीकडे भूमिहीन कुटुंब, चौथीकडे टिटवी. यांत खलनायक कुणीच नाही. ‘निसर्ग विरुद्ध विकास’ ही मांडणी इथे कामाची नाही.

कुणी म्हणेल, जास्त लोकांचं जास्त भलं ज्यात, ते करा. मान्य करू. पण बेरीज करायची तर सगळे आकडे हवेत. विजेचे मेगावॉट कागदावर आहेत. माळाच्या रकान्यात शून्य आहे. ते शून्य मोजून आलेलं नाही, न मोजल्यामुळे आलेलं आहे. असा हिशेब कितीही प्रामाणिकपणे केला तरी उत्तर आधीच ठरलेलं असतं. म्हणून माझं म्हणणं असं, की जमीन ‘रिकामी’ आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी ती मागणाऱ्यावर हवी. आज उलट आहे. ती रिकामी नाही हे शेळीवाल्या बाईला सिद्ध करावं लागतं, आणि तिच्याकडे कागद नाही.

मग नकाशा कुणी काढायचा?

युरोपातल्या देशांनी २००० साली फ्लॉरेन्समध्ये भूदृश्यांबद्दल एक करार केला. त्यात सुंदर डोंगरदऱ्यांइतकंच रोजच्या, साध्या, अगदी खराब झालेल्या परिसरालाही स्थान आहे, आणि तिथल्या लोकांना तो कसा दिसतो यालाही. आपण मात्र निसर्ग बेटांमध्ये जपतो. अभयारण्य म्हणजे निसर्ग, बाकी सगळा प्लॉट.

यावर ‘सगळ्यालाच संरक्षित घोषित करा’ हे उत्तर होऊ शकत नाही. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ साली सुमारे ८,५०० चौरस किलोमीटरवर घोषित झालं. त्यात गावंच्या गावं आली. शेवटी ते सुमारे १,२०० चौरस किलोमीटरपर्यंत आणावं लागलं, आणि माळढोक तर जवळजवळ दिसेनासाच झाला. लोकांच्या डोक्यावरून ओढलेली संरक्षणाची रेघही टिकत नाही. माधव गाडगीळ समितीने पश्चिम घाटाच्या २०११ च्या अहवालात हेच सुचवलं होतं, की निर्णयाची सुरुवात ग्रामसभेतून व्हावी.

आपल्याकडे याचं उदाहरण आहे. अकोला-वाशिम भागात ‘संवेदना’ या संस्थेसोबत फासेपारधी समाजातल्या लोकांनी गवताळ माळ राखायला घेतले. तणमोरासारखा दुर्मीळ पक्षी कुठे दिसतो हे त्यांना ठाऊक आहे. १८७१ च्या कायद्याने सुरू झालेल्या वर्गवारीत पारध्यांना गुन्हेगार ठरवलं गेलं. तो शिक्का कायद्यातून पुसायला १९५२ उजाडलं. माळ पडीक आणि माळावरचा माणूस गुन्हेगार, दोन्ही एकाच तऱ्हेच्या वहीत लिहिलं गेलं. त्या माळात काय आहे हे ज्याला सर्वांत नीट माहीत होतं, त्यालाच कुणी विचारलं नाही.

मागास जिल्ह्याला हे चोचले परवडतील का, असं कुणी विचारेल. आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत वाशिमचं नाव आहे, आणि इथे रोजगार हवाच. पण ज्याच्याकडे कमी आहे, त्याने असलेलं मोजून घ्यावं यात चोचले कसले? उलट गरिबाघरीच डब्यातलं धान्य मोजून ठेवतात.

तुमच्या गावात ई-क्लास जमीन किती आहे? तिच्यावर कोण चारतं, काय उगवतं, पाणी कुठे मुरतं? हे ग्रामसभेत विचारता येतं आणि ठरावात लिहून घेता येतं. त्यानंतर तिथे सौर पट्ट्या आल्या, किंवा घरं झाली, किंवा माळ माळच राहिला, तर तो निदान निर्णय असेल. आज जे होतं त्याला निर्णय म्हणता येत नाही, कारण निवडायला दुसरी बाजूच कागदावर नसते.