मोडण्याचा हक्क

यंदाच्या मे महिन्यात माझा भाचा मालगुंडला आला तो एक मोडका पूल बरोबर घेऊन. पूल कसला, तर शेवयांचा! मुंबईत मुलांसाठी भरलेल्या एका उन्हाळी अभियांत्रिकी शिबिरात तो दोन आठवडे जाऊन आला होता. दहावीत जाऊ घातलेली मुले आणि त्यांच्या पुढ्यात कोरड्या इटालियन शेवया, म्हणजे स्पॅगेटी. त्या चिकटवून पूल उभारायचा, त्याच्या मध्यावर बादली टांगायची, बादलीत वाळू ओतत जायचे आणि मोडेपर्यंत तो किती वजन पेलतो ते पाहायचे. असली चढाओढ आता जगात पुष्कळ ठिकाणी लागते.

"मामा, आमचा पूल नऊ किलोला मोडला. मोडला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या!" हे सांगताना त्याचा चेहरा फुलून आला होता. माझ्या आईला मात्र हा प्रकार काही रुचला नाही. "शेवयांची खीर करतात रे बाबा," एवढे बोलून ती आत गेली.

पण पोरगा नुसती मौज करून आलेला नव्हता. चौकोन जोराने एका बाजूला कलतो, त्रिकोण कलत नाही. काडी ओढ सहन करते, पण दाब आला की मध्येच वाकून मोडते. आणि तीच काडी दुप्पट लांब घेतली तर तिची दाब सोसण्याची ताकद निम्मी नव्हे, चौथाईवर येते. आयलर या गणितज्ञाने अठराव्या शतकात मांडलेला हा नियम त्याला पाठ करावा लागला नव्हता. पहिला पूल तीन किलोला मोडला, तेव्हा तो आपोआप उमगला होता. मी त्याला पडवीतून घराच्या छपराची कैची दाखवली. "अरे, हा तर आमचाच त्रिकोण!" तो म्हणाला. पंधरा वर्षे तो त्या कैचीखाली येऊन झोपत होता. त्या दिवशी त्याने ती प्रथम पाहिली. शिक्षण म्हणतात ते याहून निराळे काय असते?

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचे जुने गडी आपल्या नातवाला घेऊन आले. आगराच्या पलीकडे एक पऱ्ह्या आहे. मे महिन्यात तो कोरडा ठणठणीत असतो. पावसाळ्यात मात्र त्याचा भरवसा नाही. त्याच्यावरचा साकव मिरगाच्या आधी नवा बांधायचा होता. पोफळीची खोडे टाकायची, त्यांवर आडव्या फळ्या बांधायच्या, धरायला एका बाजूने बांबू. भाच्याने उत्साहाने आपला मोडका पूल म्हाताऱ्यापुढे धरला. म्हाताऱ्याने तो उलटसुलट करून पाहिला, त्यातल्या कैचीला मान डोलावली आणि अगदी सरळपणे विचारले, "ह्यावरनं जानार कोन, बाळा?"

भाचा हसला. मी हसू शकलो नाही. मला 2016 सालच्या 2 ऑगस्टची रात्र आठवली. त्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना दगडी पूल पुरात कोसळला आणि एस.टी.च्या दोन गाड्या अंधारात नदीत गेल्या. त्यांतली एक राजापूरहून बोरिवलीला चालली होती. दुसरी आमच्या शेजारच्या जयगडहून मुंबईला. त्या गाड्यांत बसलेल्यांनी पूल कोणी बांधला, कोणी तपासला, याची चौकशी केली नव्हती. कोण करतो? आपण डोळे मिटून झोपतो आणि गाडी पुलावरून जाते. पूल म्हणजे मूलतः एक वचन असते. ज्याला आपण कधी पाहिलेले नाही आणि पाहणारही नाही, अशा माणसाला दिलेले. म्हाताऱ्याचा प्रश्न त्या वचनाविषयी होता.

तेव्हा मला वाटले, शिबिर हा पोरखेळ आणि साकव हे खरे शिक्षण. किती सोपा निष्कर्ष! तो तासाभरातच मोडला.

म्हाताऱ्याचा नातू भाच्याच्याच वयाचा. खोडे टाकताना तो आजोबांना हळूच म्हणाला, "मधी एक तिरका टेका देऊन बघूया का?" म्हातारा कडाडला, "बघूया काय? पावसात ह्यावरनं पोरं शाळेत जातात!" नातू गप्प झाला आणि सांगितले तेवढे करू लागला. म्हातारा चुकला होता का? मुळीच नाही. पण त्या मुलाची कल्पना बरी की वाईट हे त्याला कधीच कळणार नव्हते, कारण ती मोडून पाहण्याची मुभा त्याला कधी मिळाली नव्हती. त्याच्या हातून फळी फुटली तर तिचे पैसे जातात आणि वर शिव्या बसतात. माझ्या भाच्याचा पूल फुटतो तेव्हा टाळ्या पडतात, आणि त्या टाळ्यांची फी माझ्या बहिणीने भरलेली असते.

खरा नैतिक प्रश्न इथे आहे असे मला वाटते. आपण मुलांची दोन गटांत वाटणी केली आहे. एका गटाला चुकण्याचा हक्क दिला, पण चुकीचे ओझे कधी दिले नाही. दुसऱ्याच्या खांद्यावर लहानपणीच ओझे ठेवले, पण चुकण्याचा हक्क ठेवला नाही. पहिल्यातून हुशार पण बेफिकीर माणूस निघण्याचे भय. दुसऱ्यातून कर्तव्यदक्ष, पण आजोबांच्या पुढे एक पाऊल न टाकणारा. दोघांचेही नुकसान, आणि दोघांच्या पुलांवरून जाणाऱ्यांचेही.

हा पेच जुनाच आहे. 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योग शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवला, तेव्हा मुलांच्या हातच्या मालावर शाळा चालवायची म्हणजे मुलांना कामाला जुंपणे नव्हे काय, असा आक्षेप आलाच होता. तो अगदी पोकळ नव्हता. पुढे 1983 साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम काढला. अमेरिकेत डॉक्टरेट मिळवलेला आणि मोठ्या कंपनीच्या संशोधनशाळेत काम केलेला हा शास्त्रज्ञ दुष्काळी गावात जाऊन राहिला. शाळेत मन न रमलेल्या मुलांच्या हाती त्याने वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी, शेती दिली. कामे गावातल्या माणसांची, खरीखुरी. पण शेजारी शिकवणारा उभा. पुढे 2002 साली अमेरिकेतल्या एम.आय.टी.च्या धर्तीवरची 'फॅब लॅब' तिथे निघाली, आणि संगणकाच्या आज्ञेने चालणारी यंत्रे खेड्यातल्या मुलांच्या हाताखाली आली. मला त्या यंत्रांपेक्षा मागची दृष्टी मोलाची वाटते. प्रयोग आणि जबाबदारी ही दोन वेगळ्या मुलांची भाग्ये नसून एकाच मुलाचे दोन हात आहेत, अशी ती दृष्टी.

त्या दुपारी मी एक लहानसा अन्याय दूर करण्याचा प्रयत्न केला. माणग्याचे दोन जुने बांबू आणि सुंभ खळ्यात टाकले आणि दोघा मुलांना म्हटले, "हवा तसा पूल बांधा आणि मोडा." नातवाने आपला तिरका टेका दिला, भाच्याने त्रिकोण सुचवले, बांधण्याच्या गाठी अर्थातच नातवाच्या. मग एकेक चिरा ठेवत गेले. चौथ्या चिऱ्याला पूल कडकन मोडला आणि तो मितभाषी मुलगा असा खळखळून हसला की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. टेका तुटला नव्हता. त्याची गाठ सरकली होती. कल्पना बरोबर होती! म्हातारा पडवीच्या कडेला बसून हे सारे पाहत होता. काही बोलला नाही, पण संध्याकाळी साकवाच्या मध्यावर तिरका टेका बसला, आणि त्याची गाठ म्हाताऱ्याने स्वतः दोनदा आवळली.

कठड्याचा बांबू बांधण्याचे काम त्याने माझ्या भाच्याला दिले. बांधून झाल्यावर म्हणाला, "आता पयला तू जा." भाच्याने आपल्याच गाठीवर हात ठेवला, जरासा थांबला, परत मागे वळला आणि गाठ सोडून नव्याने बांधली. मगच तो पलीकडे गेला. त्या वेळी टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत.

दिवाळी जवळ आली की मुले अंगणात मातीचे किल्ले बांधतात. सण सरला की ते मोडतात, आणि कोणाला त्याचे दुःख होत नाही. मोडण्यासाठी बांधणे हीसुद्धा बालपणाची एक श्रीमंती आहे, आणि ती प्रत्येक अंगणात पोहोचावी. पण प्रत्येक मुलाच्या वाट्याला निदान एक साकवही यावा.

पावसाळ्यात एका रात्री मुंबईहून भाच्याचा फोन आला. मालगुंडला फार पाऊस आहे असे त्याने ऐकले होते. त्याने माझी प्रकृती विचारली नाही, आजीची नाही, आंब्यांचीही नाही.

"मामा," तो म्हणाला, "साकव आहे ना?"