खोड

बापूस मला पहिल्यांदा म्हशाच्या जत्रेला घेऊन गेला तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. म्हसा हे मुरबाड तालुक्यातलं गाव. पौषात तिथं म्हसोबाची जत्रा भरते आणि जत्रेत बैलांचा मोठा बाजार असतो. आमचा पवळ्या विकायचा होता. बैल दिसायला देखणा, शिंगं सारखी, वशिंड भरलेलं. एका माणसानं दात पाहिले, पायावर हात फिरवला, शेपटीला पीळ देऊन चालवून बघितलं. त्याला बैल पसंत पडला. रुमालाखाली बोटं धरून भाव ठरला. आणि पैसे हातात यायच्या वेळेला बापूस म्हणाला, “एक खोड हाय. चिखलनीच्या वक्ताला मधीच बसकन मारतो.”

माणसानं शंभर रुपये तोडले. तेव्हा शंभर रुपये म्हणजे लहान गोष्ट नव्हती. परतीच्या वाटेवर मी चिडून विचारलं, त्यानं विचारलंच नव्हतं, मग सांगितलंस कशाला? पौषात कुठं चिखल असतो? त्याला कळलंच नसतं.

बापूस म्हणाला, “बैल पावसात बसंल तवा मी तिथं नसंन. म्हनून आता सांगितला.”

एवढंच. पुढं त्या विषयावर तो कधी बोलला नाही. मीही विसरून गेलो. पुढं 1975 साली दहावी झालो आणि शेतीला लागलो. ते वाक्य मला परत आठवलं तेव्हा 1987 साल होतं, आणि फार उशीर झालेला होता.

मला यंत्राचं वेड. नदीकाठी आमचं दीड एकर वालाचं आणि भाजीपाल्याचं रान होतं, तिथला डिझेल पंप मी स्वतः खोलून जोडायचो. त्या काळात पनवेलच्या रस्त्यावर लुना दिसायला लागून बरीच वर्षं झाली होती. पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिक कंपनीनं ती 1972 साली काढली. पन्नास सीसीचं इंजिन आणि खाली सायकलीसारखे पायडल. पेट्रोल संपलं तर पाय मारत घरी या. मास्तर, टपालवाले, दूधवाले सगळ्यांची ती लाडकी. पण आमच्यासारख्याला नवी लुना परवडत नव्हती. मग मी पनवेलात एका भंगारवाल्याकडून जुन्या मोपेडचं इंजिन आणलं. कुठल्या कंपनीचं ते ओळखू येत नव्हतं. नावाची पट्टीच नव्हती.

घरची काळी सायकल होती. तिच्या मधल्या नळीत इंजिन बसवायला मी बैलगाडीच्या जुन्या धावेचे तुकडे लोहाराकडून वाकवून घेतले. मागच्या चाकाला डाव्या बाजूनं दातेरी चक्र लावलं, आरे तुटू नयेत म्हणून मधे ट्रकच्या ट्यूबचं रबर घातलं. क्लचची तार हँडलवर घेतली. पायडल मारून वेग घ्यायचा, क्लच सोडायचा, की इंजिन फटफट करत धरायचं. पहिल्यांदा ते चालू झालं तेव्हा आमची म्हातारी ओटीवरनं ओरडली, “सायकल पेटली रे!” एवढा धूर.

पुढं एका मासिकात वाचलं की जपानात युद्ध संपल्यावर, 1946 साली, होंडा नावाच्या मिस्त्रीनं लष्कराच्या वायरलेस संचांची उरलेली लहान इंजिनं सायकलींना बसवून विकली आणि तिथून त्याची कंपनी उभी राहिली. वाचून बरं वाटलं. गरिबाची खाज सगळीकडे सारखीच.

या धुराचं जरा सांगायला पाहिजे, कारण सगळं त्यातच अडकलेलं आहे. मोटारीच्या इंजिनाला तेलाची वेगळी टाकी असते. टू स्ट्रोकला ती नसते. पेट्रोल आणि हवा आधी इंजिनाच्या पोटातून, दांडा फिरतो तिथून जातात आणि मग वर पिस्टनच्या डोक्यावर जळतात. त्यामुळे पोटात तेल साठवून ठेवता येत नाही. तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं. ते जाता जाता बेअरिंगला, पिस्टनला आपला हात लावतं आणि शेवटी जळून धूर होऊन निघून जातं. मला मिस्त्रीनं प्रमाण सांगितलं होतं पंचविसाला एक, म्हणजे लिटरला चाळीस मिली. बघणाऱ्याला वाटतं एवढं महाग तेल नुसतं धुरात गेलं. पण धूर व्हायच्या आधी ते आपलं काम करून गेलेलं असतं.

माझा धाकटा आतेभाऊ आमच्याच गावात राहायचा. पहाटे दुधाच्या दोन किटल्या सायकलला अडकवून पनवेलला जायचा. जाऊन येऊन चोवीस किलोमीटर. त्यानं माझी गाडी पाहिली आणि मागेच लागला. “दादा, मला दे. माझं गुडघं गेलं.” मी फक्त सामानाचे पैसे घेतले आणि गाडी त्याला दिली.

आठ दिवसांनी आला. म्हणाला, “दादा, पेट्रोल लय पिते. धूर पण लय. गिऱ्हाईक म्हनतंय, दुधाला वास येतो.”

त्याच्या डोळ्यांपुढं माझी हुशारी दाखवायची मला हौस. मी कार्बोरेटर उघडला. त्यात सुई असते, तिला खाचा असतात, खाचेत क्लिप. क्लिप एक खाच वर घेतली की सुई खाली उतरते आणि पेट्रोल कमी जातं. मी एक खाच घेतली. आणि तेल चाळीसचं वीस मिली करायला सांगितलं. धूर गेला. आवाज मोकळा झाला. गाडी जास्त पळायला लागली. आतेभाऊ खूश. गावात माझं नाव झालं.

पंधरा दिवसांनी त्यानं गाडी दाखवायला आणली तेव्हा मी प्लग काढून बघितला. चांगल्या चालणाऱ्या इंजिनाचा प्लग बिस्किटाच्या रंगाचा असतो. काळा ओला असला तर पेट्रोल जास्त. पांढरा असला तर इंजिन तापतंय, पेट्रोल कमी पडतंय. हा प्लग चुन्यासारखा पांढरा होता.

मी तो पाहिला. फडक्यानं पुसला. परत बसवला. आणि म्हणालो, “मस्त चाललीय.”

मार्चच्या शेवटी पहाटे तो दूध घेऊन निघाला. पळस्पे फाट्याच्या अलीकडे, सरळ रस्त्यावर, भरवेगात इंजिन जाम झालं. टू स्ट्रोक जाम होतं तेव्हा पिस्टन फुगून नळीत रुतून बसतो. क्लच ओढायला वेळ मिळाला नाही तर साखळी मागचं चाक धरते. चाक थांबतं, माणूस नाही थांबत. गाडी घसरली आणि पुढं असलेल्या गवताच्या बैलगाडीवर गेली. मांडीचं हाड दोन जागी मोडलं. दूध रस्त्यावर. ट्रकवाला मागून येत होता, तो वेळेवर थांबला, म्हणून आतेभाऊ आज आहे. पण तेव्हापासून तो लंगडतो.

गाडीवान होता ठाकूरवाडीतला. गाडी दुसऱ्याची, गवत दुसऱ्याचं, हा मजुरीवर. गाडीला कंदील नव्हता. लोक जमले ते म्हणाले, अंधारात गाडी मधे घातली यानं. आतेभावाला फक्त एवढंच आठवत होतं की समोर एकदम गाडी आली. मोडलेली गाडी माझ्या पडवीत आणून टाकली. रात्री मी कंदील लावून इंजिन खोललं. पिस्टनवर उभे ओरखडे, रिंग खाचेत चिकटलेली, नळीला ॲल्युमिनियम पुसल्यासारखं लागलेलं. बोलायला जागाच नव्हती.

चार दिवसांनी पंच बसले. गाडीवान हात जोडून सांगत होता, “मी गाडी कडंलाच लावली व्हती.” कुणी ऐकलं नाही. दोन मण भात आणि दवाखान्याच्या खर्चाला दोनशे रुपये त्याच्यावर बसले. मी त्या बैठकीत होतो. देवळाच्या खांबाला टेकून बसलो होतो.

पुढची कितीतरी वर्षं मी स्वतःशी वकिली केली. ती इथं मांडतो, कारण ही वकिली माझ्या एकट्याची नाही असं मला वाटतं.

पहिला मुद्दा असा की, त्यानं विचारलं नव्हतं. बरोबर. पण यंत्रातलं ज्याला कळत नाही तो विचारणार काय? म्हशाच्या बाजारातल्या माणसाला निदान बैल कळत होता. आतेभावाला प्लगचा रंग म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. ज्याला प्रश्नच माहीत नाही त्याच्या गप्प राहण्याचा फायदा घेणं आणि खोटं बोलणं यात फरक आहे असं मी बरीच वर्षं धरून चाललो. आता नाही धरत.

दुसरं, मला पक्कं माहीत नव्हतं. हेही खरं. मी दहावी शिकलेला शेतकरी, काही इंजिनियर नव्हे. जाम होईलच असं मला माहीत नव्हतं. पण होऊ शकतं एवढं माहीत होतं, नाहीतर प्लग पुसायची गरज काय होती? अर्धं माहीत असलेल्यानं अर्धं तरी सांगावं. “मला नीट कळत नाय, पण प्लग पांढरा झालाय, जपून चालव” एवढं बोलायला कितीसा वेळ लागतो? त्यात माझी हुशारी कमी झाली असती, एवढंच.

तिसरं, मी फुकट केलं होतं. नफा घेतला नाही. पण पैशाचा नसला तरी नावाचा नफा मी घेतलाच होता. आणि बचत म्हणजे काय ते तरी नीट बघावं. वीस मिली तेल वाचलं असं आम्ही म्हणत होतो. ते वाचलं नव्हतं. ते आतेभावाच्या मांडीवर आणि ठाकरावर उधार चढत होतं.

चौथं, गाडीवानाचीही चूक होती. कंदील नव्हता, हे खरंच. सोळा आणे दोष माझा असं मी आजही म्हणणार नाही. पण चूक वाटून घ्यायची तर सगळ्या चुका आधी पंचांपुढं ठेवाव्या लागतात. त्याची चूक सगळ्यांना दिसत होती. माझी मी पडवीत फडक्याखाली झाकून ठेवली होती. मग वाटणी कसली?

कायदा यात काही मदत करत नाही. माझ्या गाडीला कागद नव्हते, तो वेगळाच गुन्हा. पुढं 1988 चा मोटार वाहन कायदा आला. त्यात चारपेक्षा कमी चाकांची आणि पंचवीस सीसीपर्यंतच्या इंजिनाची गाडी मोटार वाहनात धरलेलीच नाही. म्हणजे फवारणी पंपाचं लहान इंजिन कुणी सायकलला बसवलं तर पासिंग नको, नंबर नको. आजही पोरं तशा सायकली बनवतात, माझ्याकडं विचारायला येतात. कायदा पंचवीस सीसीच्या खाली मोजत नसेल. पण हाड मोडायला किती सीसी लागतात?

आमच्या भागात जमिनींचे व्यवहार सुरू झाले तेव्हा मी ही गोष्ट दुसऱ्या बाजूनं अनुभवली. सात-बाऱ्यावरची खोड आम्हांला कुणी सांगितली नाही. आम्ही विचारलं नाही, म्हणून. तेव्हा मी दलालाला मनसोक्त शिव्या दिल्या, आणि शिव्या देता देता एकदा मधेच थांबलो.

गेल्या वर्षी हे लिहायला घेतलं तेव्हा वाटलं, आधी सांगितल्याशिवाय लिहायचं नाही. आतेभावाकडं गेलो. आता त्याला नातू आहे. सगळं ऐकून तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “दादा, माझ्या पायाचं जाऊ दे. मी इतकी वर्सं त्या ठाकराला शिव्या घातल्या. त्याच्या दारावरनं जाताना थुंकलो हाय मी. त्याचं काय करू?”

गाडीवान जाऊन बारा वर्षं झाली. आम्ही दोघं त्याच्या मुलाकडं गेलो. तो गोदामात हमालीला आहे. दोन मण भाताचे आजचे पैसे मी घेऊन गेलो होतो. त्यानं ते घेतले नाहीत, रागही केला नाही. म्हणाला, “बाबा मरंपत्तुर सांगायचा, गाडी कडंलाच व्हती. आमाला वाटायचं, म्हातारा खोटं बोलतो. आयपण हसायची.” मग थोडं थांबून म्हणाला, “पैसं नको. जिथं पंच बसलं व्हतं तिथं येऊन बोला.”

चैत्रात हनुमान जयंतीला देवळात गावकी बसली तेव्हा मी उभा राहिलो. त्या वेळच्या पंचांपैकी एकच जिवंत आहे, त्याला ऐकू येत नाही. तरणी पोरं मोबाइलमधून वर बघायला तयार नव्हती. काहींना वाटलं, म्हातारा कुठल्या जन्मीचं काढून बसलाय. तरी मी प्लगच्या रंगापासून सगळं सांगितलं. ठाकराचा मुलगा मागं दाराशी उभा होता. माझं बोलून झालं तसा तो निघून गेला.

बैल पावसात बसला तेव्हा मी तिथंच होतो, बापसासारखा लांब नव्हतो. तरी बोललो नाही. तिथं जे आले नव्हते त्यांनाही कळावं म्हणून इथं लिहिलं आहे.