दहा मुलांची शाळा



जून महिन्यात शाळा उघडतात तेव्हा आपण रविवारच्या मिस्सामध्ये विद्यार्थ्यांसाठी खास प्रार्थना करतो. ती प्रार्थना करताना बहुतेकांच्या डोळ्यांपुढे आपापली मुले असतात, आणि आपली बरीच मुले आता खासगी किंवा मिशनच्या शाळेत जातात. जिल्हा परिषदेची शाळा हा विषय आपल्या बोलण्यातून हळूहळू गेला. तो आज मुद्दाम काढतो आहे. त्यात एक असा प्रश्न दडलेला आहे की जो केवळ शिक्षण खात्यावर सोडून चालणार नाही.

प्रश्न साधा आहे. एखाद्या पाड्यावर शाळेच्या वयाची दहाच मुले असतील, तर तिथली शाळा चालवावी की ती बंद करून मुलांना दूरच्या मोठ्या शाळेत न्यावे?

हा काल्पनिक प्रश्न नाही. २०१७ साली राज्य शासनाने दहा किंवा त्याहून कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळा जवळच्या शाळांत मिळवून टाकण्याचे ठरवले होते. पुढे सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' उभारण्याविषयी शिक्षण आयुक्तांचे पत्र निघाले. त्यात यशस्वी प्रयोग म्हणून दोन नावे होती. एक पुणे जिल्ह्यातील पानशेत आणि दुसरे आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ. राज्यभर त्या पत्रावर टीका झाली, मोर्चे निघाले. पण ज्या जिल्ह्याचे उदाहरण दिले गेले, तिथल्या आपण त्यावर किती विचार केला?

आपला जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत येथील दर शंभरांतील जवळजवळ सत्तर माणसे आदिवासी होती. साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे राज्यात सर्वांत कमी. त्या वेळी महाराष्ट्राची सरासरी ८२ टक्के होती. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांत गाव म्हणजे एका जागी बसलेली वस्ती नसते. ज्याचे त्याचे घर ज्याच्या त्याच्या शेताजवळ. एकाच गावाचे सात-आठ पाडे आणि मध्ये नाले, टेकड्या. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत, आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असावी, असे त्याच्या नियमांत आहे. नकाशावरचा एक किलोमीटर आणि सातपुड्यातला एक किलोमीटर यांत किती अंतर आहे, हे श्रावणात नाला ओलांडणाऱ्या सहा वर्षांच्या पोरीला विचारावे.

तरीही समूह शाळेचा आग्रह धरणाऱ्यांना आपण दुष्ट ठरवू नये. त्यांचे म्हणणे ऐकण्यासारखे आहे. दहा मुले आणि चार इयत्ता असलेल्या शाळेत एक शिक्षक काय काय करील? पहिलीला अक्षरे गिरवायला लावायची, चौथीला भागाकार शिकवायचा, मधल्या वेळच्या खिचडीचा हिशेब ठेवायचा, निवडणुकीचे काम करायचे, माहिती भरून पाठवायची आणि केंद्रप्रमुखांच्या बैठकीला तालुक्याला जायचे. तो बैठकीला गेला की शाळेला कुलूप. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असावेत असे कायदा म्हणतो, पण त्यातला एक रजेवर वा बदलीवर गेला की दुसरा पुन्हा एकटाच. अशा शाळेत चार वर्षे जाऊनही मुलाला वाचता येत नसेल, तर 'पाड्यावर शाळा आहे' या वाक्याला काय अर्थ उरतो? मोठ्या निवासी शाळेत प्रत्येक इयत्तेला शिक्षक, मैदान, वाचनालय, दोन वेळचे जेवण आणि बरोबरीची मुले मिळतात. दिवाळीनंतर आईबाप गुजरातेत ऊसतोडीला जातात तेव्हा मूल मागे राहून शिकू शकते, हाही लहानसहान लाभ नव्हे.

मग अडचण कुठे आहे?

या वादात कुणी ख्रिस्ती माणूस बोलायला उभा राहिला, तर तो बहुधा हरवलेल्या मेंढराचा दाखला देईल. नव्याण्णव सोडून एकाच्या मागे जाणारा मेंढपाळ, म्हणून दहा मुलांची शाळा टिकलीच पाहिजे. मला हा युक्तिवाद जरा घाईचा वाटतो. दाखल्यात शेवटी मेंढरू कळपात परत आणले जाते. समूह शाळावाला अधिकारी म्हणेल, आम्हीही तेच तर करतो आहोत! पण दाखला नीट वाचला तर दोन गोष्टी दिसतात. मेंढपाळ स्वतः निघतो. डोंगर चढण्याचे कष्ट त्याचे आहेत, मेंढराचे नाहीत. आणि परतताना ते मेंढरू त्याच्या खांद्यावर असते. शाळा बंद करताना वाहन, रस्ता, वसतिगृहातील सिस्टरसारखी माया करणारी बाई, आजारी पडल्यास दवाखाना, हा सगळा भार ज्याने निर्णय घेतला त्याने उचलला आहे का? की पत्र निघाले आणि चालायचे मात्र मुलाने?

१९३१ साली पोप अकरावे पायस यांनी आपल्या विश्वपत्रात एक तत्त्व मांडले. ते ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणुकीचा पाया मानले जाते. लहान समूहाला जे काम करता येते ते मोठ्याने हिरावून घेऊ नये, उलट लहानाला ते करता यावे म्हणून मोठ्याने हात द्यावा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयीचा जाहीरनामा काढला. मुलांचे पहिले शिक्षक आईबाप आहेत, असे त्यात ठामपणे म्हटले आहे. शासनाचे कर्तव्यही त्यात सांगितले आहे, पण ते आईबापांना बाजूला सारण्याचे नाही. या कसोटीवर पाहिले की प्रश्न बदलतो. शाळा छोटी असावी की मोठी, याचे उत्तर प्रत्येक पाड्यावर वेगळे येऊ शकते. पण ते उत्तर कुणी द्यायचे? पुण्यात बसून पटाचा आकडा पाहणाऱ्याने, की जिचे मूल आहे तिने?

शिवाय हा पटाचा आकडाही फसवा असतो. सप्टेंबरअखेरची नोंद घेतली की मुले दिसतात, जानेवारीत तीच मुले उसाच्या फडात असतात. आणि कित्येकदा पट आधी घसरतो तो शिक्षक येत नाही म्हणून. मग पट नाही म्हणून शिक्षक मिळत नाही. आधी औषध बंद करायचे आणि मग रोगी बरा होत नाही म्हणून खाट काढून घ्यायची, त्यातला हा प्रकार आहे.

नर्मदाकाठची गोष्ट येथे आठवते. सरदार सरोवराच्या पाण्याखाली आपल्या जिल्ह्यातील ३३ गावे येणार होती. सरकारी शाळा कागदावर आहेत, गुरुजी फिरकत नाहीत, अशी तिथल्या लोकांची तक्रार होती. १९९० च्या दशकाच्या आरंभी नर्मदा बचाव आंदोलनाने चिमलखेडी, निमगव्हाण अशा गावांत जीवनशाळा सुरू केल्या. कुडाच्या भिंती, गावातलाच शिक्षक, आणि शिकवताना मुलांची स्वतःची बोली. धरणाविषयी आपली मते काहीही असोत; पाड्यावरच्या माणसाला शिक्षण नको असते, हा समज त्या शाळांनी खोटा ठरवला. त्यांपैकी कित्येक शाळा निवासीच होत्या, हेही लक्षात घ्यावे. आईबापांनी तिथे मुले पाठवली, कारण ती शाळा त्यांची होती.

वसतिगृहांचा विषय निघाला आहे तर आपल्या मिशनच्या बोर्डिंगचेही बोलू. आज धर्मग्रामात जे शिक्षक, परिचारिका, कारकून आहेत त्यांतले किती तरी जण बोर्डिंगमध्ये वाढले. फादर-सिस्टरांचे ते ऋण कोणी नाकारणार नाही. पण त्याच पिढीतले अनेक जण घरी गेल्यावर आजीशी पावरीत किंवा मावचीत दोन वाक्येही धड बोलू शकत नव्हते, हेही आपण पाहिले आहे. शिक्षणाची ती किंमत होती. काहींच्या मते ती देण्याजोगी होती. माझे म्हणणे इतकेच की ती किंमत किती, हे आईबापांना आधी सांगितले पाहिजे.

संत जोसेफ कलासांझ यांनी १५९७ साली रोममधल्या त्रास्तेवेरे या गरिबांच्या वस्तीत, सांता दोरोतेआ चर्चच्या दोन खोल्यांत फुकट शाळा सुरू केली. युरोपातील पहिली मोफत सार्वजनिक शाळा म्हणून ती ओळखली जाते. त्याआधी ते नगरातल्या शिक्षकांकडे गरीब मुलांना घ्या म्हणून विनवीत फिरले होते. पगार वाढल्याशिवाय जमणार नाही, असे उत्तर आले आणि नगरसभेने पैसे नाकारले. चारशे वर्षांपूर्वीचे हे संभाषण आजच्या पंचायत समितीत जसेच्या तसे ऐकू येईल. कलासांझ मात्र मुलांना शाळेकडे बोलावत बसले नाहीत. शाळाच वस्तीत नेली.

आता आपल्याकडे काय आहे ते पाहू. कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेला शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. शाळेचा विकास आराखडा तिने करायचा, पैशांच्या वापरावर तिने लक्ष ठेवायचे. पोप पायस यांचे तत्त्व यापेक्षा सोप्या रूपात कुठे मिळणार! पण अनेक ठिकाणी बैठक होते ती इतिवृत्ताच्या वहीत, आणि अंगठा घ्यायला वही घरी येते. शाळा मिळवून टाकण्याचा ठरावही त्याच वहीत, त्याच अंगठ्याने होऊ शकतो. वहीत काय लिहिले आहे हे वाचून दाखवणारा कुणी तिथे हवा. ते काम बीईओ साहेबांचे नाही. आपल्यातले निवृत्त शिक्षक, शिकलेली तरुण मुले, पाड्यापाड्यांवर जाणारे कॅटेकिस्ट यांना ते सहज जमण्यासारखे आहे, आणि त्यासाठी आपले मूल त्या शाळेत असण्याची गरज नाही.

नाताळची गाणी म्हणायला आपला युवक गट ज्या पाड्यांवर जातो, तिथल्या शाळेच्या समितीची अध्यक्ष कोण आहे, तिला वही वाचता येते का आणि या महिन्याची बैठक कोणत्या तारखेला आहे, एवढी चौकशी पुढच्या रविवारपर्यंत होऊ शकते.